वाळिंब्यांचं पेडल

सांगलीच्या गणपतीचं दर्शन घेऊन शरच्चंद्र वाळिंबे गावभागातल्या आपल्या घरी परतले, तेव्हा त्यांच्या पायात एकच चप्पल होती. दार उघडायला आलेल्या चारुलताबाईंनी खाली बघितलं आणि विचारलं, "अहो, उजवी कुठंय?" वाळिंब्यांनी पायाकडे पाहिलं, जरा विचार केला आणि ते आल्या पावली परत गेले. देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या बाईला त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं. बाई म्हणाली, "साहेब, माज्यासमोर दोनी घालून गेलासा की. आन् एक चप्पल चोरून मी काय करू?" वाळिंब्यांकडे याचंही उत्तर तयार होतं. दुसरी पुढच्या संकष्टीला चोरायची, म्हणजे जोडी लागते. शेवटी चप्पल सापडली ती वाटेवरच्या पानटपरीसमोर, भर रस्त्यात. आपण आरडाओरडा केल्यावर बाईने कुणाकरवी तरी ती तिथे नेऊन टाकली, अशी त्यांची पक्की खात्री झाली. पुढच्या संकष्टीपासून ते चपला पिशवीत घालून थेट गाभाऱ्यापर्यंत बरोबर नेऊ लागले.

माणूस असा होता. गॅसचा सिलिंडर आला की तो स्वतःच्या काट्यावर टांगल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. लग्नाची पत्रिका आली की या लोकांना आपली आठवण आताच का झाली, यावर संध्याकाळभर चर्चा. मागे चारुलताबाईंनी मागे लागून लागून त्यांना मिरजेला नेलं आणि रक्त तपासून घेतलं. साखर भरपूर वाढलेली निघाली. वाळिंबे म्हणाले, "बाटल्यांची अदलाबदल झालीय. ती नर्स बाटली भरताना शेजारणीशी बोलत होती, मी बघितलं." पुन्हा तपासायला म्हणून ते काही गेले नाहीत, आणि चहात दोन चमचे साखर चालूच राहिली. चारुलताबाईंनी वाद घालायचं केव्हाच सोडून दिलं होतं. या माणसाशी वाद घातला तर तुझा यात काय फायदा, असं विचारतो, हे त्यांना पहिल्या वर्षातच कळलं होतं.

पण घरात नकोसा झालेला हा स्वभाव कारखान्यात मोलाचा होता. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत हंबीरराव मोहित्यांचा ब्रेकचे सुटे भाग बनवणारा कारखाना होता आणि वाळिंबे तिथे तपासणीचे प्रमुख होते. ट्रकचे, ट्रॅक्टरचे, उसाच्या ट्रॉल्यांचे भाग त्यांच्या हाताखालून जायचे. त्यांनी पास केलेला भाग कधी परत आला नव्हता. हंबीरराव चारचौघांत सांगायचे, "आमचं वाळिंबे सख्ख्या भावाकडं बी ओळखपत्र मागतील. पर माल कसा, एकदम चोख."

सत्त्याण्णव साली हंबीररावांनी एका परदेशी मोटार कंपनीचं काम आणलं. नव्या तऱ्हेचा, विजेवर चालणारा ब्रेक होता. नेहमीच्या गाडीत पेडल दाबलं की तेल पुढे ढकललं जातं, ते चाकाला आवळतं, आणि चाकाचा जोर त्याच तेलातून उलटा येऊन पायाला लागतो. पायाची आणि चाकाची अशी सरळ ओळख असते. या नव्या ब्रेकमध्ये ती ओळखच तोडलेली होती. पेडल किती दाबलं ते एक यंत्र मोजणार, तारेतून गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरला कळवणार, कॉम्प्युटर पंपाला हुकूम देणार आणि पंप चाकं आवळणार. पायाला यातलं काहीच कळणार नाही. मोकळंढाकळं पेडल दाबून माणूस घाबरायचा, म्हणून पेडलमागे एक डबी बसवायची. डबीत स्प्रिंग, रबर आणि थोडं तेल. पाय दाबेल तसा डबीने उलटा जोर द्यायचा, आधी हलका, मग वाढता. पायाला वाटलं पाहिजे की आपण चाकच आवळतोय. ही डबी बनवायचं काम हंबीररावांकडे आलं, आणि ती पायाला कशी लागावी हे ठरवायचं काम वाळिंब्यांकडे.

"म्हणजे पायाला थाप मारायची," वाळिंबे पहिल्याच बैठकीत म्हणाले. त्यांना ते काम जरा लाजिरवाणंच वाटलं. पण आठवड्याभरात त्यांना त्याची गोडी लागली, ती त्यांच्या स्वभावातूनच. लोकांच्या थापा पकडण्यात त्यांची हयात गेली होती, त्यामुळे थाप कुठे पकडली जाते हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? काल एक आणि आज एक बोललं की माणूस सापडतो. तेव्हा डबीने थाप मारायची तर रोज तीच, तेवढीच आणि त्याच आवाजात मारली पाहिजे. हे त्यांनी इतकं मनावर घेतलं की जेवताना टेबलाखाली पाय दाबून बघायचे. येत्या मे महिन्यात कंपनीचे लोक कोयनेच्या घाटात गाडी चालवून बघणार होते. पेडल पसंत पडलं तर कारखान्यात नवा विभाग निघणार होता आणि त्याचे प्रमुख वाळिंबेच होणार होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालावर शिक्का मारलेल्या माणसाला पहिल्यांदाच काहीतरी आपलं म्हणून करायला मिळालं होतं.

गाडी चालवायला भाऊसो कोळेकर होता. म्हसवडच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा. त्याचे वाडवडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेले, हा मात्र लष्करात ड्रायव्हर झाला, डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रक चालवून निवृत्त झाला आणि हंबीररावांकडे लागला. कंपनीची पांढरी गाडी आली त्या दिवशी त्याने नारळ फोडला आणि चपला बाहेर काढूनच आत बसला.

"चपला का काढल्यास?" वाळिंब्यांनी लगेच विचारलं.

"नवी गाडी हाय साहेब. लक्ष्मी. चपला घालून कसं बसायचं?"

एरवी वाळिंबे यावर काहीतरी खवचट बोलले असते. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चमकलं. बूट म्हणजे पाय आणि पेडल यांच्यामधला दलाल, आणि दलालावर त्यांचा कधीच भरवसा नव्हता. त्या दिवसापासून नियमच झाला. रोज सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी दोघांनी आळीपाळीने अनवाणी बसायचं, डोळे मिटायचे, तीनदा पेडल दाबायचं आणि दहापैकी आकडा सांगायचा. पाच म्हणजे मऊ, दहा म्हणजे भिंत. सात पाहिजे होता.

सुरुवातीला दोघांचे आकडे असे जुळायचे की हंबीरराव थट्टा करायचे, तुम्ही दोघं संगनमत करता की काय म्हणून. डबीच्या मागच्या नटाने स्प्रिंग कमीजास्त आवळता यायची. फेब्रुवारीत एके दिवशी दोघांनीही "सात" म्हटलं आणि वाळिंब्यांनी नटावर खूण करून टाकली. भाऊसो खूश होऊन म्हणाला, "मेंढराच्या कमरंवर हात दाबल्यावानी झालंय बघा. वर मऊ लागतंय, आन् खाली हाड हाय म्हून कळतंय." वाळिंब्यांना ही उपमा मनापासून आवडली, पण ड्रायव्हरसमोर तसं म्हणणं त्यांना जमलं नाही.

मग रोजची फेरी सुरू झाली. भाऊसो गाडी घेऊन इस्लामपूर, कराडवरून कोयनानगरला जायचा, घाट उतरून चढायचा, उंब्रजला हमरस्त्याला लागून साताऱ्यापर्यंत जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. आणि मार्चमध्ये कधीतरी बिनसलं. एका सकाळी वाळिंबे डोळे मिटून बसले, दाबलं आणि म्हणाले, "सहा."

"सात हाय की साहेब," भाऊसो म्हणाला.

"सहा आहे. काल नटाला हात लावलास?"

"आवं, मी कशाला हात लावू?"

"मग मऊ का लागतंय?"

"मला न्हाई लागत. तुमी दाबून बघा की परत."

वाळिंब्यांनी परत दाबलं. सहाच. त्यांनी जोर मोजायचा स्प्रिंगचा काटा मागवला, पेडलला लावला. काटा म्हणाला, काहीच बदललेलं नाही. तेव्हा त्यांनी काट्यावर संशय घेतला. मार्केट यार्डात नेऊन त्याला हळदीचं पोतं टांगलं आणि अडत्याच्या तराजूशी ताडून पाहिलं. दोन्ही आकडे जुळले. पण व्यापाऱ्याचा तराजू खरा असतो यावर कुठला शहाणा माणूस विश्वास ठेवील, असं म्हणून ते तसेच परत आले आणि त्यांनी नट पाव फेरा आवळला.

पुन्हा कुणी छेडछाड करू नये म्हणून त्यांनी युक्ती केली. चारुलताबाईंच्या लाल नेलपॉलिशची बाटली उचलली. फेब्रुवारीत केलेली खूण लाल रेघेने पक्की केली आणि नट आता जिथे होता तिथे दुसरा ठिपका दिला. नट कुणी फिरवला तर ठिपका तुटलाच पाहिजे. ठिपका काही तुटला नाही, पण दहा-बारा दिवसांत पेडल पुन्हा सहावर आलं. वाळिंब्यांनी काढलेला निष्कर्ष असा, की चोराकडेही लाल नेलपॉलिश आहे. मग त्यांनी बाजारातून मरून रंगाची बाटली विकत आणली. ती चारुलताबाईंना त्यांच्या शर्टाच्या खिशात सापडली.

"मरून मी कधी लावते?" चारुलताबाईंनी विचारलं.

"कामासाठी आहे."

"ब्रेकच्या कारखान्यात?"

दोन दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. संशय घेणाऱ्या माणसावर संशय आला की तो किती दुखावतो हे बघायचं असेल, तर त्या दोन दिवसांतले वाळिंबे बघायला हवे होते. तिसऱ्या दिवशी चारुलताबाईंनी मोजे धुताना विचारलं, "उजव्या मोज्याला हा तांबडा डाग कसला?" वाळिंब्यांनी सांगितलं, की कारखान्यात गंजरोधक रंग लावतात, त्याचा असेल. पण तेवढ्यात त्यांना त्यात दुसरंच काहीतरी दिसलं. आपल्या मोज्याला रंग लागलाय म्हणजे गाडीत कुणीतरी रंगाचे हात घेऊन बसलं असणार.

भाऊसोवरचा संशय मात्र उगाच नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. त्याच आठवड्यात तो एका संध्याकाळी फार उशिरा परतला होता. उंब्रजला पंक्चर काढायला थांबलो, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसो यायच्या आत वाळिंब्यांनी पाचही टायर तपासले. ताजं ठिगळ एकालाही नव्हतं. मग अनवाणी गाडीत बसून त्यांनी पायाखालचा मॅट डोळ्यांत तेल घालून पाहिला. मॅटवर एक सराटा होता. टोकदार काट्यांचा, माळरानावरचा, आणि त्यात मेंढराच्या लोकरीचे चार तंतू गुंतलेले. कोयनेच्या झाडीत असला सराटा आणि असली लोकर कुठून येणार? वाळिंब्यांनी तो आगपेटीत घातला. त्या दिवशी ते इतके आनंदात होते की चहा त्यांनी स्वतःच्या पैशाने सगळ्यांना पाजला.

हंबीररावांसमोर त्यांनी आगपेटी उघडून टेबलावर ठेवली. भाऊसोचा चेहरा उतरला.

"गावाकडं ग्येलो हुतो," तो म्हणाला. "आयला गाडी दावायची हुती. बयाबाईचा ल्योक कसली गाडी चालवतुय म्हून सगळी वस्ती इचारती. तिला बसवली, माळावर एक फेरी मारली. तेवढंच."

"आणि पेडल?" वाळिंबे म्हणाले. "तिथं कुणाला दाखवलंस? कुणी हात लावला?"

"आयनं लावला. पाया पडली."

हंबीररावांना हसू आवरलं नाही. वाळिंबे मात्र हसले नाहीत. जो माणूस पंक्चरची थाप मारतो, तो आकड्याची का मारणार नाही? दुसऱ्या एखाद्या कारखान्याने त्याला फोडला नसेल कशावरून? पेडल मऊ पडत जावं आणि मे महिन्यात आपली फजिती व्हावी, असं कुणाला तरी वाटत असणारच. त्यांनी हंबीररावांना स्पष्ट सांगितलं, हा माणूस गाडीजवळ नको. भाऊसोला गेटवर रखवालदार म्हणून बसवलं. जाताना तो फक्त एवढंच म्हणाला, "साहेब, गाडी न्हेली ती माजी चूक. पर पेडल हाय तसंच हाय. तुमी दाबून बघा की."

वाळिंबे रोज दाबून बघत होते आणि रोज मऊ लागत होतं. भाऊसो गेटवर गेला तरी पेडल बिघडत राहिलं, तेव्हा एखाद्याने विचार केला असता. वाळिंब्यांनी केला तो असा, की भाऊसो एकटा नव्हता. त्यांनी गाडीच्या शेडला आपलं कुलूप लावलं. नट आणखी आवळला, नवा ठिपका दिला, मग आणखी आवळला. नटाभोवती लाल, गुलाबी, मरून असे ठिपके दाटीने जमले. एकदा हंबीररावांनी कारखान्याच्या आवारात गाडी फिरवून पाहिली आणि घाम पुसत खाली उतरले.

"अवो वाळिंबे, ह्ये दाबायला तालमीतली पोरं आणावी लागतील!"

"तुमच्या पायात बूट होते," वाळिंबे म्हणाले. मनात मात्र मालकांचंही नाव त्यांनी संशयितांत घालून टाकलं. मोठ्या कंपनीचं काम सोडून मालक दुसरीकडे कुठे बोलणी करत असतील का, असा प्रश्न त्यांना त्या रात्री झोपू देईना. खरं सांगायचं तर या दिवसांत ते फार एकटे पडले होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलावर कुणी बसायचं नाही. सकाळी आकडा सांगायला समोर कुणी नसायचं, तरी ते डोळे मिटून मोठ्याने "सहा" म्हणायचे आणि आपलाच आवाज शेडमध्ये ऐकायचे.

मे उजाडला. कंपनीचे तिघे पाहुणे कोयनानगरच्या विश्रामगृहात येऊन उतरले. हंबीररावांनी एका गोष्टीवर मात्र ऐकलं नाही. "घाटात पाव्हण्यांना न्यायचं तर भाऊसोच न्हेईल. दुसऱ्या कुणाच्या हातात मी गाडी देणार न्हाई." वाळिंब्यांनी अट घातली, की गाडी सुरू व्हायच्या आधी पेडल मी एकटा तपासणार आणि तोवर भाऊसोने गाडीला बोट लावायचं नाही.

सकाळची वेळ होती. पाहुणे आत न्याहारीला बसले होते. आंब्याच्या सावलीत पांढरी गाडी उभी होती, आणि तिच्यापासून चार हात दूर भाऊसो, अनवाणी, हात पाठीमागे बांधून. वाळिंब्यांनी बूट-मोजे काढले, दार उघडं ठेवून आत बसले आणि डोळे मिटले.

पहिल्यांदा दाबलं. मऊ. इतकं आवळूनही? दुसऱ्यांदा दाबलं. मऊच. त्यांनी पाय उचलून घेतला, दीर्घ श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा सगळा जोर लावून दाबलं.

लागलं! कितीतरी आठवड्यांत असं लागलं नव्हतं. घट्ट, भरीव, खाली हाड असल्यासारखं. गुडघ्यापर्यंत जोर उलटा आला. त्यांनी पाय तसाच दाबून धरला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "सात," ते म्हणाले. "पुरा सात! काल कुणी हात लावला नाही ना, म्हणून. बघितलंस भाऊसो? असं पाहिजे होतं मला."

भाऊसोने जागेवरूनच वाकून उघड्या दारातून आत पाहिलं.

"काय झालं? सात आहे ना?"

"साहेब, डोळं उघडा."

वाळिंब्यांनी डोळे उघडले आणि सगळ्यात आधी भाऊसोच्या हातांकडे पाहिलं. हात पाठीमागेच होते.

"माज्याकडं नगं. खाली बघा. पायाकडं."

वाळिंब्यांनी खाली पाहिलं. पेडल आपल्या जागी होतं, वर, मोकळं. त्यांचा उजवा पाय पेडलच्या शेजारी, गाडीच्या पत्र्यावर होता आणि सगळं बळ लावून पत्रा दाबत होता.

त्यांना आधी समजेना की हा पाय कुणाचा. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा धरला, पाय उचलला आणि पेडलवर ठेवला. डोळ्यांना दिसत होतं की तळवा पेडलला टेकलाय. तळवा काहीच सांगत नव्हता. त्यांनी दाबलं. पेडल खाली जाताना दिसलं, इतकंच. मग डावा पाय ठेवून बघितला. त्याला लागलं, पण तेही दुरून बोलल्यासारखं. पानटपरीसमोरची चप्पल, मोज्यावरचा डाग, मिरजेची बाटली, मार्केट यार्डातला काटा, सगळं एकामागून एक त्यांच्यासमोर येऊन उभं राहिलं. सगळ्यांनी खरं सांगितलं होतं. खोटा होता तो हा पाय, आणि जगात एवढ्या एकाच साक्षीदारावर त्यांनी आंधळा विश्वास टाकला होता. मोठी भीती वाटली त्यांना. एवढी भीती त्यांना कुठल्याच चोराची वाटली नव्हती.

"आवं, ह्ये काय?" भाऊसो अट विसरून पुढे आला आणि खाली वाकला. त्याने वाळिंब्यांचा पाय हातात घेतला, तळव्यात नख घातलं आणि काहीतरी ओढून काढलं. मागोमाग पू आला. त्याच्या तळहातावर एक काळा पडलेला सराटा होता.

"ह्यो आमच्याकडचा," भाऊसो हळू आवाजात म्हणाला. "म्हंजी त्या दिसापासनं पायात हाय? साहेब, सराटा घुसला तर बैल थांबतो. तुमाला दुखलं न्हाई?"

"नाही," वाळिंबे म्हणाले.

एक सराटा त्यांना मॅटवर दिसला होता, त्यावरून त्यांनी एका माणसाला गेटवर बसवलं होतं. दुसरा त्यांच्याच पायात होता.

आतून कपबशांचा आवाज येत होता. पाहुणे उठायच्या बेतात होते. वाळिंब्यांच्या मनात जे आलं ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट होतं. हे पाहिलंय फक्त भाऊसोने. आणि भाऊसोचं कोण ऐकणार? त्याला खोटारडा आपणच ठरवलाय. बूट घालून, मान ताठ ठेवून "सात" म्हटलं तर आजही आपलाच शब्द चालेल. पाहुण्यांना जड वाटलं तर दोष त्यांच्या बुटांचा. भाऊसो पायाशी बसलेला होता आणि आपल्या रुमालाने त्यांच्या तळव्यावरचा पू टिपत होता. वाळिंब्यांना स्वतःची इतकी किळस आली की त्यांनी पाय ओढून घेतला.

"पाना दे," ते म्हणाले.

ते खाली वाकून डबीपाशी पोहोचले. शेवटचा गुलाबी ठिपका फुटला, मग मरून मागे पडला, मग दुसरा लाल. नट उलटा फिरवत फिरवत त्यांनी तो फेब्रुवारीतल्या पहिल्या लाल रेघेवर आणून ठेवला. डोळ्यांनी जे दिसत होतं तेवढंच आता त्यांच्या हातात उरलं होतं.

"बस," त्यांनी भाऊसोला सांगितलं. "डोळे मीट. दाब."

भाऊसो बसला. डोळे मिटले. तीनदा दाबलं.

"किती?"

"सात, साहेब."

"नक्की?" वाळिंब्यांच्या तोंडून निघून गेलंच. जन्माची सवय होती ती.

"आवं, तुमी दाबून बघा..." भाऊसो बोलता बोलता थांबला. त्याने जीभ चावली आणि मान खाली घातली.

वाळिंब्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

"नको," ते म्हणाले. "तू म्हणतोस ना, मग सात."

हंबीरराव पाहुण्यांना घेऊन पायऱ्या उतरून आले. "काय वाळिंबे, झालं का तपासून?"

"भाऊसोने तपासलंय," वाळिंबे म्हणाले. "माझा पाय कामातून गेलाय, मालक. उद्या मिरजेला जाणार आहे. नट मीच बिघडवला होता, तो परत जागेवर आणलाय. आणि गेटवर दुसरा माणूस बघा."

हंबीरराव त्यांच्याकडे बघतच राहिले. पाहुण्यांना मराठी कळत नव्हतं. ते आपले गाडीत बसायला लागले. वाळिंब्यांनी बुटांत आधी हात घालून आत काही नाही ना ते चाचपलं, मग पाय घातले आणि पहिल्यांदाच मागच्या सीटवर जाऊन बसले.

गाडी घाटाला लागली. पहिलं वळण समोर आलं, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. वाळिंब्यांचा उजवा पाय सवयीने पुढच्या सीटखालचा पत्रा दाबू लागला. त्यांना तो दाबताना दिसला म्हणून कळलं. गाडी हळूहळू मंद झाली, वळण घेऊन सरळ झाली. ती कुणाच्या पायाने मंदावली हे त्यांना ठाऊक होतं. पुढच्या वळणाला त्यांनी आपला पाय उचलून मागे घेतला आणि भाऊसोच्या पाठीकडे बघत बसून राहिले.